पाचव्या चाकाची गोष्ट

मित्रमैत्रिणींनो, आज आधी एक कोडं घालते. बघा सुटतंय का!

चौघे भाऊ पळतात, पाचवा झोपतो,
चौघांतला एक बसला, की पाचवा उठतो!

ओळखलंत? डोकं खाजवू नका, सांगते. ही आहेत मोटारीची चाकं! चार चाकं रस्त्यावर धावत असतात आणि पाचवं बिचारं डिकीतल्या अंधारात पडून असतं. धावणाऱ्या चाकांपैकी एखाद्यात खिळा घुसला, टायर फुस्स करून खाली बसला, की मग सगळ्यांना या पाचव्याची आठवण होते. त्यालाच आपण 'स्टेपनी' म्हणतो.

हा शब्द कुठून आला, ठाऊक आहे? फार पूर्वीच्या मोटारींची चाकं सहज काढता येत नसत. पंक्चर झालं, की चालक भर रस्त्यात बसून टायर उचकटायचा आणि तिथंच ट्यूब दुरुस्त करायचा. पावसापाण्यात, चिखलात किती हाल होत असतील! ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात लानेली नावाचं गाव आहे. तिथल्या डेव्हिस नावाच्या भावांनी १९०४ साली यावर एक युक्ती काढली. आऱ्या नसलेली एक धाव, म्हणजे नुसतं गोल कडं घ्यायचं, त्यावर हवा भरलेला टायर तयार ठेवायचा आणि पंक्चर झालेल्या चाकाला तो बाजूनं घट्ट जखडायचा. की निघाली गाडी! त्यांचं दुकान होतं स्टेपनी स्ट्रीटवर. म्हणून त्या चाकाचं नाव पडलं स्टेपनी. पुढे मोटारींची चाकं सहज काढता-घालता येऊ लागली आणि ते जुनं कडं मागे पडलं. पण नाव मात्र आपल्याकडे टिकलं. आपल्या खेड्यातला ड्रायव्हरही सहज म्हणतो, "स्टेपनी काढ रे!" एका परक्या गावातल्या गल्लीचं नाव असं आपल्या घाटात येऊन बसलंय. आहे की नाही गंमत?

आता तुम्ही म्हणाल, "बाई, आम्हाला अजून गाडी चालवायचीच परवानगी नाही. मग हे चाकपुराण कशाला?"

सांगते. गाडी चालवत नसलात, तरी गाडीत बसता ना? मामाच्या गावाला जाता, लग्नाला जाता, सहलीला जाता. आणि बहुतेक वेळा बसता कुठे? मागच्या सीटवर! मग तुमच्या पाठीमागे, डिकीत काय आहे आणि ते कसं ठेवलंय, हे तुम्हाला कळायला नको?

मला हे नीट उमगलं २०१९ सालच्या फेब्रुवारीत. आमच्या शाळेतली पाचवीची तीन मुलं शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसली होती. दोन मुली आणि एक मुलगा. केंद्र होतं पाटणला. कोयना खोऱ्यातल्या आमच्या वाडीहून रविवारी सकाळी वेळेवर एसटी मिळणं कठीण. म्हणून गावातल्याच आबांची छोटी गाडी ठरवली. आबा साठीच्या घरातले, बोलणं कमी, मिशा पांढऱ्या. मुलं मागे बसली, मी पुढे. साडेदहाच्या आत केंद्रावर पोचायचं होतं. वाटेत पाढ्यांची उजळणी चालली होती. तेवढ्यात गाडी डावीकडे ओढायला लागली आणि खालून 'फडफड फडफड' असा आवाज आला.

आबांनी जोरात ब्रेक मारला नाही. वेग हळूहळू कमी करत, एक वळण ओलांडून, रस्ता सरळ झाला तिथं गाडी डाव्या कडेला घेतली. जागा सपाट होती, खाली मुरूम कडक होता. मग चारही बाजूंचे दिवे उघडझाप करत ठेवले, हँडब्रेक ओढला, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून बंद केली आणि म्हणाले, "बाई, पोरांस्नी खाली उतरवा आन् त्या जांभळीखाली न्या. रस्त्याकडं कुणी यायचं न्हाई."

मुलांचे चेहरे पार उतरले. वर्षभर अभ्यास केलेला, सकाळी लवकर उठून जादा तास केलेले! एकीच्या डोळ्यांत पाणीच उभं राहिलं. मी घड्याळ पाहिलं, नऊ वाजून पाच मिनिटं. आबा डिकी उघडत एवढंच म्हणाले, "इस-पंचवीस मिनटांचं काम हाय. घाई केली तर मातूर तासभर लागंल."

मग जांभळीखाली उभं राहून आम्ही सगळं पाहिलं. तुम्हीही पाहा.

आधी त्यांनी लाल त्रिकोण काढला आणि वळणाच्या अलीकडे, मागून येणाऱ्यांना लांबून दिसेल असा नेऊन ठेवला. मग दोन दगड आणले. बसलेलं चाक होतं पुढचं डावं. म्हणून मागच्या उजव्या चाकाला पुढून एक आणि मागून एक असे दगड लावले. का? गाडी एका कोपऱ्यात उचलली, की ती घरंगळू शकते. समोरच्या कोपऱ्यातलं चाक पक्कं जखडलेलं असलं, म्हणजे ती जागची हलत नाही.

मग डिकीतल्या पिशव्या बाहेर काढल्या, सतरंजी उचलली. खाली एक गोल खड्डा होता आणि त्यात स्टेपनी निवांत पहुडली होती. मधोमध एक मोठा स्क्रू. तो सोडवून त्यांनी चाक, जॅक आणि पाना बाहेर घेतला. गाडी उचलण्याआधीच, चाक जमिनीवर टेकलेलं असताना त्यांनी सगळे नट अर्धा-अर्धा फेरा ढिले केले. हे फार महत्त्वाचं, बरं का! चाक हवेत असलं तर नट फिरवताना चाकच फिरतं, आणि जोर लावला तर गाडी जॅकवरून घसरू शकते. पान्याचा दांडा लांब असतो, ते उगीच नाही. ती एक तरफच असते. दांडा जितका लांब, तितका हाताला जोर कमी.

आता जॅक. गाडीच्या खालच्या कडेला जॅक लावायच्या जागा ठरलेल्या असतात, तिथं खूण असते. भलतीकडे लावला तर पत्रा चेपतो नाहीतर जॅक सटकतो. आबा दांडा फिरवू लागले आणि एवढी मोठी गाडी तसूतसूनं वर यायला लागली. आमचा विद्यार्थी कुजबुजला, "बाई, आबांच्यात एवढी ताकद?" ताकद आबांची आहेच, पण करामत जॅकच्या स्क्रूची. स्क्रू म्हणजे काय? गुंडाळलेला उतार! घाटाचा रस्ता कसा सरळ डोंगरावर न चढता वळसे घेत घेत जातो? वाट लांबते, पण चढ सोपा होतो. स्क्रूचंही तसंच. फेरे जास्त मारावे लागतात, पण जोर थोडा पुरतो.

गाडी थोडी वर आल्यावर आबांनी स्टेपनी गाडीच्या कडेखाली आडवी सरकवली. समजा जॅक घसरलाच, तर गाडी त्या चाकावर अडेल, माणसाच्या हातावर पडणार नाही. जॅकवर उभ्या गाडीखाली हात, पाय, डोकं काहीही घालायचं नाही, कधीही नाही! पडलेला नट खाली घरंगळला तरी काठीनं ओढून घ्यायचा.

नट काढले, ते टोपीत ठेवले. बसलेलं चाक काढून कडेखाली सरकवलं, तिथली स्टेपनी घेऊन बसवली. नट आधी बोटांनीच फिरवले, मग गाडी खाली घेतली आणि पाना लावून ते आवळले. पण ओळीनं नव्हे हं, समोरासमोरचे! एक वरचा, मग खालचा, मग डावा, मग उजवा. काही गाड्यांना पाच नट असतात. तिथं वहीत पेन्सिल न उचलता चांदणी काढतो ना, तशा क्रमानं जायचं. म्हणजे चाक सगळीकडून सारखं बसतं, तिरकं होत नाही.

झालं! मुलांनी टाळ्याच वाजवल्या. साडेनऊ वाजत आले होते. मदतीला थांबलेल्या एका मोटारसायकलवाल्या दादांनी उत्साहानं ते बसलेलं चाक उचललं आणि डिकीत पिशव्यांवर उभं टाकून दिलं. मुलगा ओरडला, "चला चला, पोचतो आपण!"

आबांनी मात्र मान हलवली. ते चाक परत बाहेर काढलं, पिशव्या पुन्हा रस्त्याच्या कडेला ठेवल्या. चाक खड्ड्यात नीट आडवं बसवलं आणि मधला स्क्रू घालून पार घट्ट आवळला. जॅक मिटवून त्याच्या कोनाड्यात ठेवला, तोही हलणार नाही असा. पाना त्याच्या पट्ट्यात. वरून सतरंजी, त्यावर पिशव्या. मुलांची चुळबुळ वाढली. शेवटी एकीनं धीर करून विचारलं, "आबा, हे पाटणला गेल्यावर केलं तर?"

आबा तिच्याकडे बघून म्हणाले, "पोरी, तुमी मागं बसताय. त्ये चाक मोकळं ऱ्हायलं आन् ब्रेक लागला, तर सगळ्यात आदी तुमच्या मानंवर यील."

मग ते चालत मागे गेले आणि त्रिकोण घेऊन आले. चाकाला लावलेले दोन्ही दगड उचलून गटाराच्या पलीकडे ठेवले. हात पुसले आणि मग गाडी सुरू केली. या सगळ्याला मोजून पाच मिनिटं लागली.

पुढे एका वळणावर म्हशींचा कळप आडवा आला. आबांनी ब्रेक दाबला, काही फार जोरात नाही. पण एकीच्या मांडीवरचा डबा सुटला आणि माझ्या सीटच्या पाठीवर 'ठण्' करून आपटला. सगळी हसली. मग तो मुलगा एकदम गप्प झाला. डिकीकडे वळून बघत म्हणाला, "बाई, डबा एवढा उडाला. मग चाक..." वाक्य त्यानं पुरं केलं नाही. करायची गरजही नव्हती.

आम्ही वेळेवर पोचलो. मुलं पेपर लिहीत होती तेवढ्यात आबा पंक्चरवाल्याकडे जाऊन आले. टायरमध्ये बैलाच्या पत्रीचा खिळा निघाला. पंक्चर काढून, हवा भरून, चाक पुन्हा आपल्या जागी! कारण परतीच्या वाटेवर दुसरं चाक बसलं असतं, तर? फाटक्या छत्रीचा पावसात काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही एक प्रयोग केला. तुम्हीही घरी करा. एका मोठ्या पुस्तकावर खोडरबर ठेवा. पुस्तक टेबलावरून भरभर सरकवा आणि एकदम थांबवा. पुस्तक थांबतं, पण खोडरबर पुढे घसरत जातो. यालाच म्हणतात जडत्व. चालती वस्तू आपण होऊन थांबत नाही, तिला कुणीतरी थांबवावं लागतं. आता खोडरबर दोऱ्यानं पुस्तकाला घट्ट बांधा आणि पुन्हा करून पाहा. दोरा म्हणजे आबांनी आवळलेला तो स्क्रू!

थोडं गणितही करू. छोट्या गाडीचं एक चाक साधारण दहा ते पंधरा किलोचं असतं. म्हणजे तांदळाची भरलेली पिशवीच म्हणा. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगानं जात असेल, तर डिकीतलं चाकही त्याच वेगानं जात असतं. गाडी कशावर तरी आदळून जागच्या जागी थांबली, तर मोकळं चाक तो वेग घेऊन पुढे येतं. हा वेग किती? सुमारे १० मीटर उंचीवरून टाकलेली वस्तू जमिनीवर जितक्या वेगानं आदळते, तितका! तिसऱ्या मजल्यावरून कुणी चाक खाली टाकलं, तर तुम्ही त्याच्याखाली उभे राहाल का? नाही ना? मग मोकळं चाक पाठीशी घेऊन बसायचं तरी कशाला?

तुमच्यापैकी काहींच्या घरी अगदी नवी गाडी असेल. तिच्यातली स्टेपनी कधीकधी इतर चाकांपेक्षा बारीक असते. ती फक्त पंक्चरवाल्यापर्यंत जाण्यापुरती. तिच्या कडेवर वेगाची मर्यादा छापलेली असते, बहुधा ताशी ८० किलोमीटर. आणि अशा गाडीत एक अडचण येते. बारीक चाकासाठी केलेल्या खड्ड्यात मोठं, बसलेलं चाक मावत नाही. मग ते डिकीत आडवं ठेवून दोरीनं किंवा पट्ट्यानं बांधावं लागतं. म्हणून अशा गाडीत एक चांगला दोर असलेला बरा. काही गाड्यांत तर स्टेपनीच नसते! २०२० साली आपल्या देशात नियम बदलला. गाडीचे टायर ट्यूबलेस असतील, हवा कमी झाली की सांगणारी यंत्रणा असेल आणि पंक्चर बुजवायचं साहित्य बरोबर दिलेलं असेल, तर लहान गाड्यांना स्टेपनीची सक्ती राहिली नाही. तेव्हा आपल्या गाडीत काय आहे, हे घरून निघण्याआधीच माहीत असावं.

आणि ते दगड! त्यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. रस्त्यानं जाताना तुम्ही पाहिलं असेल, भर रस्त्यात दोन-चार मोठे दगड पडलेले असतात, कधी झाडाची फांदी. गाडी दुरुस्त करून माणसं निघून जातात, दगड तिथंच राहतात. दिवसा ते दिसतात. पण रात्री एखादा मोटारसायकलवाला येतो, मागे त्याची बायको, पुढे लहान मूल. त्याला तो दगड दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. ज्या दगडानं आपल्याला सांभाळलं, तोच दुसऱ्याच्या जिवावर उठतो. उचलून बाजूला टाकायला किती वेळ लागतो? अर्धा मिनिट!

चाक बसलं की काम झालं, असं आपल्याला वाटतं. पण काम दोनदा संपतं, मुलांनो. एकदा आपली अडचण सुटते तेव्हा, आणि दुसऱ्यांदा, आपल्या कामामुळे दुसऱ्या कुणाला अडचण होणार नाही इतकं सगळं आवरून होतं तेव्हा. पहिल्या वेळी टाळ्या मिळतात. दुसऱ्या वेळी कुणी बघतही नाही. नीट आवरलेल्या कामाचं बक्षीसच असं असतं, की पुढे काहीच घडत नाही! म्हणूनच ते कुणाच्या ध्यानात येत नाही.

तर आता येत्या रविवारी तुम्हाला एक काम. घरी, शेजारी किंवा काकांकडे गाडी असेल, तर मोठ्या माणसाला बरोबर घ्या आणि डिकी उघडायला सांगा. जॅकला तुम्ही एकट्यानं हात लावायचा नाही, हे आधी कबूल! मग इतकं बघा:

स्टेपनी जागेवर आहे का? धरून हलवली तर हलते का?

तिच्यात हवा आहे का? न वापरताही हवा हळूहळू कमी होते. म्हणून चार चाकांत हवा भरताना पाचव्यातही भरायला सांगा.

जॅक, पाना आणि लाल त्रिकोण, तिन्ही आहेत का? की कुणी नेऊन परत ठेवलेच नाहीत?

आणि एक गुपित! टायरच्या कडेवर एका लंबगोलात चार आकडे छापलेले असतात. ते शोधा. समजा २३१९ असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. म्हणजे तुमच्या पाचव्या चाकाचा वाढदिवसच! रबर पडून पडूनही म्हातारं होतं. फार जुनं निघालं, त्यावर चिरा दिसल्या, तर घरच्यांना सांगा.

आणि पुढच्या वेळी प्रवासाला निघाल, तेव्हा मागच्या सीटवर बसण्याआधी एकदा विचारा, "डिकीतलं सगळं बांधलंय ना?" मोठी माणसं आधी हसतील. हसू देत! पण मग ती उतरून बघतील. तेवढं झालं, की खुशाल गाणी म्हणत निघा.